ट्रेलोरला का घालवलं? ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या संघबांधणीचं गणित

१२ नोव्हेंबर २०२० रोजी संध्याकाळी साडेसातला ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली, तेव्हा मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबातून तीन चांगले खेळाडू बाहेर पडलेले होते. अ‍ॅडम ट्रेलोर, जेडन स्टीफनसन आणि टॉम फिलिप्स. तिघंही दोन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात खेळलेले. ट्रेलोरचा करार तर २०२५पर्यंतचा होता आणि आपल्याला जायचं नाही, हे तो उघडपणे सांगत होता. फिलिप्सच्या बदल्यात क्लबाला मिळाला ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या मुलांच्या वार्षिक निवडीतला, ६५वा क्रमांक, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. चाहते संतापले. पण २०२३मध्ये हाच क्लब विजेता झाला आणि वाद मिटण्याऐवजी आणखी रंगला, कारण आता दोन्ही बाजूंना 'आम्ही म्हणत नव्हतो?' असं म्हणता येतं.

या भांडणात ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात त्या बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात. त्या एकदा कळल्या की दर ऑक्टोबरात तिथे एवढा कल्ला कशाचा असतो ते समजतं. मेलबर्नमध्ये राहायला गेलेल्या मराठी मंडळींना तर हा कल्ला ऑफिसातल्या चहाच्या वेळी ऐकावाच लागतो.

आधी खेळाबद्दल थोडक्यात. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर विराट कोहलीने २०२२च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धचा सामना काढून दिला, तेच मैदान सप्टेंबरअखेर या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला लाखभर माणसांनी भरतं. लांबट चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू, मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. एएफएल या लीगमध्ये १८ क्लब आहेत आणि प्रत्येकाकडे चाळिशीच्या थोड्या वर खेळाडू करारावर असतात. या सगळ्यांच्या यादीला तिथे नुसतं 'लिस्ट' म्हणतात. ही यादी कशी बांधायची हे ठरवणारा पगारी माणूस म्हणजे लिस्ट मॅनेजर, आणि चाहत्यांच्या शिव्या प्रशिक्षकाखालोखाल खातो तो हाच.

आता पैसा. आपल्याकडे हार्दिक पांड्या २०२३च्या नोव्हेंबरात गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोखीच्या व्यवहारात. बदल्यात खेळाडू दिला नाही. पुढच्या मोसमात वानखेडेवर त्याची जी हुर्यो उडाली ती वेगळी गोष्ट. एएफएलमध्ये असा सौदाच होऊ शकत नाही. खेळाडूच्या बदल्यात रोख रक्कम चालत नाही. द्यायचा तर दुसरा खेळाडू द्या, नाहीतर ड्राफ्टमधला तुमचा क्रमांक द्या. क्लब कितीही श्रीमंत असो, आणि कॉलिंगवुड चांगलाच श्रीमंत आहे, थैली उघडून कुणाला विकत घेता येत नाही. वरून सगळ्या खेळाडूंच्या मिळून पगारालाही मर्यादा आहे. त्या मर्यादेपेक्षा फार कमी खर्च करायलाही बंदी आहे. किमान ९५ टक्के रक्कम खेळाडूंवर गेलीच पाहिजे. म्हणजे शेवटच्या क्रमांकाचा संघही पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या जवळपास तेवढाच पगार देतो.

या व्यवस्थेचा दुसरा खांब म्हणजे १९८६पासून चालू असलेला ड्राफ्ट. अठरा वर्षांची मुलं दर नोव्हेंबरात क्लबांमध्ये वाटली जातात आणि जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते. उद्देश उघड आहे: कुणी कायमचं वर राहू नये, कुणी कायमचं खाली राहू नये. या निवडीच्या क्रमांकांचा व्यापार करता येतो. २०१५पासून तर पुढच्या वर्षीचा क्रमांकही आजच देऊन टाकता येतो, आणि इथूनच खरी गंमत सुरू होते. कारण पुढच्या वर्षीचा तुमचा क्रमांक कितवा असेल ते तुम्ही पुढच्या वर्षी कसे खेळाल त्यावर ठरणार. म्हणजे विकताना त्याची किंमत कुणालाच ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट खेळाडूच्या हक्कांची. करार चालू असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. करार संपला तरी तो लगेच मोकळा होत नाही. साधारण आठ वर्षं एका क्लबात काढली की मग तो फ्री एजंट होतो, म्हणजे काही न देता-घेता दुसरीकडे जाऊ शकतो. ही सोय २०१२मध्ये आली. त्याआधी सौदा फिसकटला की खेळाडूला ड्राफ्टमध्ये उडी घ्यावी लागे आणि कोण उचलतं ते बघत बसावं लागे. कॉलिंगवुडच्या जुन्या चाहत्यांना ल्यूक बॉल आठवतो. २००९मध्ये सेंट किल्डाहून त्याला आणण्याचा सौदा जमला नाही, तो ड्राफ्टमध्ये उतरला, आणि कॉलिंगवुडने त्याला ३०व्या क्रमांकावर घेतलं. पुढच्याच वर्षी कॉलिंगवुडने अंतिम सामना जिंकला, आणि तोही सेंट किल्डाला हरवून, बरोबरीनंतरच्या पुन्हा खेळवलेल्या सामन्यात. सेंट किल्डाच्या माणसासमोर हा विषय काढू नये.

अडचण नेमकी कुठे होती

२०१८च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुड वेस्ट कोस्टकडून पाच गुणांनी हरलं. २०१९च्या उपांत्य सामन्यात जायंट्सकडून चार गुणांनी. एवढ्या जवळ आलेला क्लब साहजिकच म्हणतो की हाच संघ एकत्र ठेवू या, पुढच्या वेळी जमेल. मग लांबलांब करार झाले. पगाराची मर्यादा असली की कराराचा आकडा एका वर्षात बसवण्याऐवजी पुढे ढकलण्याचा मोह होतो: आज कमी देऊ, तीन वर्षांनी जास्त देऊ. तोवर मर्यादा वाढलेली असेल, असा हिशेब. २०२०च्या सुरुवातीला ब्रोडी ग्रंडी या उंचापुऱ्या रकमनबरोबर (चेंडू वर उडाला की तो आपल्या बाजूला ढकलणारा हा खेळाडू) सात वर्षांचा करार झाला. कप्तानपदाच्या वाटेवरचा बचावपटू डार्सी मूर आणि जॉर्डन डी गोई यांचे करार त्याच वर्षी संपत होते, त्यांनाही ठेवायचं होतं. आणि मग कोविड आला. प्रेक्षकांविना सामने झाले, लीगची मिळकत आटली आणि पगाराची मर्यादा वाढण्याऐवजी खाली आली. पुढे ढकललेली सगळी देणी एकदम समोर उभी राहिली.

म्हणून ट्रेलोरच्या बदल्यात काय मिळालं, हा प्रश्न मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे. क्लबाला हवी होती ती पगारातली मोकळी जागा. आणि जेव्हा समोरच्याला कळतं की तुम्हाला विकणं भागच आहे, तेव्हा तो भाव पाडणारच. ट्रेलोरच्या पगाराचा काही भाग तो दुसऱ्या क्लबात खेळत असतानाही कॉलिंगवुडच भरत राहिलं.

सौद्याचा तपशील तर चाहत्यांना आणखी चक्रावणारा होता. वेस्टर्न बुलडॉग्जना ट्रेलोर दिला, त्याच्याबरोबर त्या वर्षीचे २६, ३३ आणि ४२ हे तीन क्रमांकही दिले, आणि त्या बदल्यात घेतला १४वा क्रमांक आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा एक. चांगला खेळाडूही द्यायचा आणि वर तीन क्रमांकही? यात २६ आणि ३३ हे दोन तर त्याच दिवशी स्टीफनसनच्या बदल्यात नॉर्थ मेलबर्नकडून आलेले होते.

बुलडॉग्जना हे मधले क्रमांक का हवे होते, ते समजलं की या खेळातला सगळ्यात गुंतागुंतीचा नियम समजतो.

वडिलांचा क्लब

एएफएलमध्ये एक जुनी, भावनिक सोय आहे. वडील एखाद्या क्लबासाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. क्लबांनी स्वतःच्या अकादमीत वाढवलेल्या काही मुलांबाबतही असाच हक्क मिळतो. पण फुकट नाही. ड्राफ्टच्या रात्री दुसरा एखादा क्लब आपल्या निवडीच्या क्रमांकावर त्या मुलावर बोली लावतो, आणि हक्कदार क्लबाला त्या क्रमांकाच्या किमतीचे गुण आपल्या क्रमांकांतून भरून मुलगा सोडवावा लागतो. प्रत्येक क्रमांकाला ठरलेले गुण असतात. त्या काळच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाला ३०००, चौथ्याला २०३४, चौदाव्याला ११६१, आणि पुढे उतरत जातात. हक्कदार क्लबाला पहिल्या फेरीच्या बोलीवर २० टक्के सूट.

यात एक फट होती. गुण कुठल्याही क्रमांकांचे जोडून चालत. म्हणजे एक भारी क्रमांक असण्यापेक्षा चार हलके क्रमांक असणं सोयीचं, कारण भारी क्रमांक बोलीत गिळला गेला तर नुकसान, हलके गेले तर गेले. २०२०मध्ये बुलडॉग्जच्या अकादमीचा जमारा उगल-हेगन हा पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला मुलगा होता. त्यासाठी गुण हवेत. १४वा क्रमांक हातात ठेवला असता तर तो त्यातच विरघळला असता. २६, ३३ आणि ४२ मिळून १६८७ गुण होतात. म्हणजे बुलडॉग्जच्या दृष्टीने त्यांनी ११६१ गुण देऊन १६८७ घेतले, आणि वर ट्रेलोर मिळवला. कॉलिंगवुडच्या दृष्टीने तीन किरकोळ क्रमांक देऊन एका खऱ्या मुलाची जागा घेतली आणि पगाराचं ओझं उतरवलं. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटावं अशी ही रचना. फक्त स्वतःच्या मनाविरुद्ध क्लब बदलावा लागलेल्या माणसाला तसं वाटलं नाही, आणि चाहत्यांनाही नाही. माझ्या मते रागाचा मोठा भाग गणिताबद्दल नव्हताच. ज्याला सहा महिने आधी आपलं म्हणायचं त्याला असं दारापर्यंत सोडून यायचं, हे लोकांना पटलं नाही. तो राग योग्य होता असंच मी म्हणेन. ट्रेलोर पुढे २०२४मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) निवडला गेला, हेही त्यात धरा.

पुढच्याच वर्षी कॉलिंगवुडने हीच युक्ती स्वतः वापरली. पीटर डेकॉस हे क्लबाचं जुनं दैवत. त्यांचा मोठा मुलगा जॉश आधीच क्लबात होता. धाकटा निक २०२१च्या ड्राफ्टमध्ये येणार आणि तो असामान्य आहे, हे सगळ्यांना दोन वर्षं आधीपासून ठाऊक होतं. चौथ्या क्रमांकावर गोल्ड कोस्टने बोली लावली. २०३४मधून २० टक्के वजा, म्हणजे १६२७ गुण. कॉलिंगवुडने टेबलावर ठेवले ३८, ४०, ४२ आणि ४४ हे क्रमांक: ४६५, ४२९, ३९५, ३६२, एकूण १६५१. वर चोवीस गुण शिल्लक राहिले. एरवी ज्या क्रमांकांवर आलेल्या मुलांपैकी कितीतरी दोन-तीन वर्षांत घरी परततात, असे चार क्रमांक देऊन पिढीतला एक सर्वोत्तम खेळाडू मिळाला. इतर क्लबांनी दात-ओठ खाल्ले आणि ते साहजिकच होतं. लीगने पुढे नियम आवळला: २०२५पासून सूट १० टक्क्यांवर आली आणि मागच्या क्रमांकांची किंमतही कापली गेली.

इथपर्यंत कॉलिंगवुडची बाजू चांगली दिसते. पण २०२०च्या ड्राफ्टमध्ये क्लबाने आणखी एक सौदा केला होता, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे. २०२१चा पहिल्या फेरीचा क्रमांक त्यांनी जायंट्सना देऊन टाकला आणि त्या वर्षीचे दोन मधले क्रमांक घेतले. विचार असा की पुढच्या वर्षी निकसाठी बोली येणार, आपला पहिला क्रमांक तसाही त्यात जाणार, मग आजच वापरू या. तर्क चूक नाही. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक होतं, की २०२१मध्ये आपण मधे कुठेतरी असू. प्रत्यक्षात संघ सहा सामने जिंकून सतराव्या स्थानी गेला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक नेथन बकली पायउतार झाले. जायंट्सच्या हाती पडला तो ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक. त्यांनी त्यावर फिन कॅलाहन हा मिडफिल्डर घेतला. कॉलिंगवुडने त्या मधल्या क्रमांकांतून घेतलेली दोन्ही मुलं क्लबात टिकली नाहीत. दुसरा क्रमांक हाती असता तर तो फोडून दोन-तीन चांगले क्रमांक करता आले असते, आणि निकही मिळाला असता. तीन खेळाडू विकून संघ दुबळा करायचा आणि त्याच वेळी आपण मध्यात राहू असं धरून पुढचा क्रमांकही विकायचा, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. २०२०च्या भांडणात ट्रेलोरचं नाव सारखं येतं, या सौद्याचं फारसं येत नाही. उलटं व्हायला हवं होतं.

मग २०२३ कसं घडलं

क्रेग मॅक्रे प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२२मध्ये सतराव्या स्थानावरून संघ थेट उपांत्य सामन्यात पोचला. तिथे सिडनीकडून एका गुणाने हरला. त्यानंतरचा ऑक्टोबर मला या सगळ्या कथेत सर्वांत रंजक वाटतो.

पहिली गोष्ट: ग्रंडीला मेलबर्न क्लबाकडे २७व्या क्रमांकाच्या बदल्यात सोडलं. सात वर्षांच्या करारातली पाच वर्षं उरलेली असताना. यावेळीही पगाराचा वाटा कॉलिंगवुडच्याच खात्यावर राहिला. लोक पुन्हा भडकले, पण २०२०पेक्षा कमी. त्याची जागा डार्सी कॅमेरून या सिडनीहून स्वस्तात आलेल्या खेळाडूने, आणि बास्केटबॉल सोडून अमेरिकेहून आलेल्या मेसन कॉक्सने भरून काढली.

मोकळ्या झालेल्या पगारातून चार माणसं आली. हॉथॉर्नचा टॉम मिचेल, जो २०१८मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. जायंट्सचा चपळ बॉबी हिल. अ‍ॅडलेडचा बिली फ्रॅम्प्टन, ज्याच्याबद्दल कुणीच उत्साही नव्हतं. आणि ब्रिस्बेनचा डॅन मॅक्स्टे, फ्री एजंट म्हणून. मिचेल आला तो तीन क्लबांच्या एकत्र सौद्यातून, आणि त्या सौद्यात कॉलिंगवुडने दिला ऑली हेन्री, ज्याला आपल्या गावच्या जिलाँग क्लबात, भावाकडे परत जायचं होतं. आता हा हेन्री कोण? बुलडॉग्जकडून ट्रेलोरच्या सौद्यात मिळालेला तो १४वा क्रमांक आठवतो? इतर बोलींमुळे तो ड्राफ्टच्या रात्री १७वर सरकला आणि त्यावर निवडला गेला तो हाच. म्हणजे ट्रेलोर आणि स्टीफनसन गेले, त्यातून हेन्री आला, हेन्री गेला आणि मिचेल आला. असे धागे कागदावर ओढत बसणं हा तिथल्या चाहत्यांचा हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातलाही छंद आहे.

३० सप्टेंबर २०२३. कॉलिंगवुड ९०, ब्रिस्बेन ८६. बॉबी हिलने चार गोल मारले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मॅक्स्टे उपांत्य सामन्यात जखमी झाल्याने बाहेर बसला होता. त्याच्या जागी फ्रॅम्प्टन उतरला आणि ब्रिस्बेनचा भिंतीसारखा बचावपटू हॅरिस अँड्र्यूज याला मोकळं सोडायचं नाही एवढंच काम त्याने केलं. क्लबाचं हे सोळावं विजेतेपद.

मग २०२०चा निर्णय बरोबर होता का? जे 'हो' म्हणतात ते मोकळ्या झालेल्या पगारावर बोट ठेवतात. पण चार गुणांचं अंतर हे फार लहान असतं. शेवटच्या मिनिटांत एक किक इकडची तिकडे झाली असती तर हीच यादी, हेच करार आणि हेच सौदे घेऊन लोक उलटा निष्कर्ष काढत बसले असते. निक डेकॉस क्लबाला मिळाला तो वडिलांमुळे, लिस्ट मॅनेजरच्या हुशारीमुळे नाही. मॅक्रे आले नसते तर काय, हे तर मोजताच येत नाही. माझं मत असं की २०२०मध्ये विकणं टाळता येत नव्हतं, कारण चूक त्याआधीच, कराराच्या सह्या होताना झाली होती. आणि २०२२चे सौदे खरोखर चांगले होते, कारण तेव्हा क्लबाने मोठ्या नावांपेक्षा संघात नेमकं काय कमी आहे ते पाहिलं.

आता नवा वाद आहे वयाचा. स्कॉट पेंडलबरीचा जन्म जानेवारी १९८८चा. तो अजून खेळतोय, चारशेच्या वर सामने झाले. स्टील साइडबॉटम १९९१चा. २०२४च्या अखेरीस क्लबाने पोर्ट अ‍ॅडलेडचा डॅन ह्यूस्टन आणि जायंट्सचा हॅरी पेरीमन आणले, दोघंही तयार झालेले, पंचविशी गाठलेले. पुढच्या वर्षी संघ पुन्हा उपांत्य सामन्यात गेला आणि ब्रिस्बेनकडून हरला. एक गट म्हणतो की दार अजून उघडं आहे तोवर घुसा, पेंडलबरी असा दुसरा मिळणार नाही. दुसरा गट म्हणतो की अठरा वर्षांचा उंच मुलगा तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात, ती मुलं आजच घ्यायला हवीत. त्यात २०२८मध्ये टास्मानियाचा एकोणिसावा संघ येणार आणि त्याला उभं राहण्यासाठी ड्राफ्टमध्ये झुकतं माप मिळणार, म्हणजे नंतरच्या काही वर्षांत इतरांच्या वाट्याला चांगली मुलं कमीच येतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं मला जास्त पटतं. पहिल्या गटात मात्र माणसं जास्त आहेत, कारण निक डेकॉसचा जन्म २००३चा आहे आणि त्याची सर्वांत चांगली वर्षं तळाशी बसून घालवायची, हे कुठल्याच कॉलिंगवुडवाल्याला सहन होणार नाही.